मॉडेलिंगसाठी वेगळं नाव घेताय? सांगली-साताऱ्याच्या नव्या पोरापोरींनी आधी हे वाचा

सांगली, मिरज, कराड, सातारा, सगळीकडं आता मॉडेलिंगची बारीकसारीक कामं बऱ्यापैकी निघायला लागल्यात. साडीच्या दुकानाचं कॅटलॉग, सराफांचं लग्नसराईचं शूट, मेकअपवाल्या ताईंचे ब्रायडल लूक, मेनवलीच्या घाटावर एखाद्या कपड्याच्या ब्रँडचं रील. मी अशा शूटचं को-ऑर्डिनेशन बघतो आणि नवीन येणाऱ्या पोरींचा (हल्ली पोरांचापण) पहिला प्रश्न रेट किती हा नसतोच, तो असतो "दादा, माझं खरं नाव टाकायलाच लागतंय का?"

नाही लागत. लोकांसमोर दुसरं नाव लावून काम करायला कुठलीही परवानगी लागत नाही, गॅझेट (सरकारी राजपत्रात नोंद) लागत नाही, ॲफिडेव्हिट लागत नाही. फसवायला नाव बदललं तर गुन्हा, धंद्यापुरतं बदललं तर काही नाही. एवढं एकच डोक्यात पक्कं करा, की नाव बदलायचं ते बघणाऱ्यांसाठी, कागदासाठी नाही. बँक, पॅन, करार, तिकीट, पोलीस, इथं आधारवरचंच नाव. पोस्टर, रील, टॅग, व्हिजिटिंग कार्ड, इथं तुमचं घेतलेलं नाव. जेवढे घोळ होतात ते सगळे ही दोन खाती एकमेकांत मिसळली की होतात.

आणि आपल्या भागाला हे काय नवीन नाही. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्णींना कोण ओळखतंय? पठ्ठे बापूराव म्हटलं की अख्खा महाराष्ट्र ओळखतो. कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ आयुष्यभर काळू-बाळू म्हणूनच गाजले. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व हे तर शाळेत शिकवतात. हिंदीत बघायला गेलं तर यूसुफ खानचा दिलीपकुमार झाला, आणि अलीकडचं म्हणजे कियारा अडवाणीचं मूळ नाव आलिया, पण त्या नावाची एक आधीच इंडस्ट्रीत होती म्हणून बदललं. त्यामुळं घरी कुणी "नाव लपवून काम करतीस म्हणजे काम वाईटच असणार" असं म्हणालं तर ही यादी पुढं करा.

आधी कशासाठी बदलताय ते ठरवा

हे ठरवल्याशिवाय नाव शोधायला बसू नका, कारण कारणावरून नाव ठरतं.

आपल्याकडं आडनाव सांगितलं की समोरचा पाच मिनिटात गाव, भावकी, जात आणि मामाचं घर सगळं शोधून काढतो. कारण हेच असेल तर अख्खं नाव बदलायची गरज नाही, आडनाव काढून टाका नाहीतर दुसरं लावा, पहिलं नाव तेच ठेवा. शूटवर कुणी हाक मारली तर मान आपोआप वळते, हा त्यातला मोठा फायदा. नवीन नाव घेतलेली पोरगी पहिल्या दिवशी तीनदा हाक मारली तरी लक्ष देत नाही आणि फोटोग्राफरला वाटतं हिला ऐकायला कमी येतं.

दुसरं कारण म्हणजे नाव फार कॉमन आहे. इन्स्टावर पूजा पाटील टाकून बघा, स्क्रोल करून अंगठा दुखेल. इथं मात्र पूर्ण वेगळं नाव घेतलेलं बरं.

तिसरं लग्न. आज माहेरच्या आडनावानं पाच वर्षं काम केलं, ओळख झाली, मग लग्न झालं, सासरचं आडनाव आलं, आणि क्लायंटला वाटतं ही कोण दुसरीच. घेतलेलं नाव लग्नात बदलत नाही. माझ्या मते पोरींसाठी हे सगळ्यात भक्कम कारण आहे, पण याच्यावर कुणी बोलतच नाही.

चौथं कारण, "घरी माहीत नाही". इथं मी स्पष्ट सांगतो, नाव बदलून हा प्रश्न सुटत नाही. नाव बदलेल हो, तोंड तेच राहणार. सांगलीच्या गणपती पेठेत नाहीतर साताऱ्याच्या राजवाड्यावर दुकानाबाहेर सहा फुटी फ्लेक्स लागला की आत्या, काकू, शेजारची ताई कुणीतरी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकणारच. त्यामुळं निदान आईला तरी आधी सांगा. बाबांचं नंतर बघता येतं, पण शूट कुठं आहे, कुणाबरोबर आहे आणि किती वाजता परत येणार हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत पाहिजे.

नाव शोधताना

दोन शब्दांचं नाव घ्या. नुसतं रेवा, नुसतं मायरा असलं एका शब्दाचं नाव सर्चमध्ये सापडत नाही आणि हँडल (इन्स्टावरचं @ वालं नाव) तर मिळतच नाही. मग लोक मागं आकडे आणि अंडरस्कोर लावत बसतात आणि फोनवर सांगताना "रेवा अंडरस्कोर अंडरस्कोर डबल झिरो" असला तमाशा होतो.

मनात ठरलेलं नाव फोनवर एखाद्याला सांगा आणि इंग्रजीत लिहून पाठव म्हणा. तिघांनी तीन स्पेलिंग पाठवली तर ते नाव सोडा. एक ए की दोन ए, व्ही की डब्ल्यू, शेवटी एच आहे की नाही, हे पहिल्या दिवशी ठरवायचं आणि मग मरेपर्यंत तेच. मराठीतपण तसंच, पोस्टरवर एकदा शृती एकदा श्रुती असं नको. फ्लेक्सवाल्याला नाव तोंडी सांगू नका, टाइप करून व्हॉट्सॲप करा, तो स्वतःच्या मनानं वेलांटी ठरवतो.

मग हे नाव आधी कुणाचं आहे का ते बघायचं. गूगल, गूगल इमेजेस, इन्स्टा, यूट्यूब, फेसबुक, पाचही ठिकाणी. इमेजेस तर बघाच बघा, कारण त्या नावानं नको तसले फोटो येत असतील तर क्लायंट तुम्हालाच तीच समजणार. सांगलीत राहून सई नाव घ्यायची हौस पुष्कळ जणींना असते, पण सई ताम्हणकर इथलीच, तुलना तिच्याशीच होणार आणि सर्चमध्ये तीच येणार. मोठ्या कलाकाराचं पूर्ण नाव किंवा त्याच्यासारखं दिसणारं नाव तर अजिबात नको. २०२२ ला अमिताभ बच्चन आणि २०२३ ला अनिल कपूर यांनी आपलं नाव, आवाज, फोटो दुसऱ्यांनी धंद्यासाठी वापरू नये म्हणून दिल्ली हायकोर्टातून आदेश आणलेत. कोर्ट आपल्यापर्यंत यायचं नाही हे खरं, पण हँडल एका रिपोर्टवर उडतं.

साताऱ्यात आणखी एक मोह असतो, नावामागं राजे लावायचा. नको. तिथं त्या शब्दाला मान आहे आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी दारात विचारायला येणार, कुठले राजे तुम्ही. आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला १९५० च्या एंब्लेम्स अँड नेम्स कायद्यानं बंदीच आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

नाव पक्कं झालं की पोस्ट टाकायच्या आधी हँडल, जीमेल आणि यूट्यूब चॅनल, तिन्ही त्याच दिवशी काढून ठेवा. स्वतःच्या नंबरवर. हे मी परत खाली सांगणार आहे कारण यातच पोरी फसतात.

करारात काय लिहायचं

आपल्याकडं निम्मी कामं तोंडी होतात, "ये की उद्या, बघू पैशाचं". तरी एक पानी का असेना कागद करा, नसेल तर निदान व्हॉट्सॲपवर सगळं टाइप करून समोरच्याचं "ओके" घ्या. कागदावर नाव असं टाका:

"मी, (आधारवरचं पूर्ण नाव), व्यावसायिक नाव (घेतलेलं नाव), राहणार अमुक, या करारात यापुढे मॉडेल असा उल्लेख."

एका ओळीत दोन्ही नावं जोडली गेली, बास. उद्या पैसे बुडवले किंवा फोटोचा गैरवापर झाला तर फोटोतली ती मीच, हे दाखवायला ही ओळ कामाला येते. सही बँकेत करता तीच करा. घेतलेल्या नावाची स्टायलिश सही फॅन्ससाठी ठेवा.

खाली एक वाक्य आणखी घाला, हे मी प्रत्येकाला लिहायला लावतो: "जाहिरात, पोस्टर, रील, टॅग व इतर कुठल्याही जाहीर ठिकाणी फक्त मॉडेलचे व्यावसायिक नाव वापरले जाईल, खरे नाव, पत्ता व फोन नंबर कुणालाही दिला जाणार नाही." हे नसलं की दुकानदार कौतुकानं पोस्ट टाकतो, "आपल्या कुपवाडची कन्या, अमुक साहेबांची मुलगी" आणि झालं सगळं पाण्यात. त्याचा हेतू वाईट नसतो हो, पण पोस्ट दोनशे जणांनी शेअर केल्यावर हेतूचं काय करायचं.

फोटो किती दिवस वापरणार, कुठं वापरणार (फक्त इन्स्टा, का फ्लेक्स, का टीव्ही), हेपण लिहून घ्या. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालकी हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं पैसे देणाऱ्याकडं जातो. म्हणजे तुमच्याच फोटोवर तुमचा हक्क नसतो, जे काय हातात राहतं ते करारात लिहिलं तेवढंच.

वय १८ च्या खाली असेल तर तुमच्या सहीला काही किंमत नाही, आई-वडिलांची लागते. आणि १४ च्या आतल्या लेकराचं शूट असेल तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते आणि मानधनातले किमान २० टक्के लेकराच्या नावानं बँकेत फिक्स ठेवावे लागतात. लहान मुलांचं तर आडनाव, शाळा, क्लास काहीच जाहीर करू नका, नुसतं लाडाचं नाव पुरे.

पैसे घेताना नाव फुटतं

सगळ्यात जास्त नावं इथं फुटतात. शूट संपलं, दुकानदार म्हणतो "नंबर सांग, गूगल पे करतो", तुम्ही नंबर सांगितला, त्यानं टाकला, आणि स्क्रीनवर बँकेतलं पूर्ण नाव आलं, वडिलांच्या नावासकट. शेजारी उभा असलेला लाइटवाला, मेकअपवाली, काउंटरवरचा पोरगा सगळे वाकून बघतात. यूपीआयमध्ये बँकेचंच नाव दिसतं, ॲपमधलं प्रोफाइल नाव बदलून काही उपयोग नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे सेटवर यूपीआय घ्यायचाच नाही. बिल द्या, बिलावर खातं नंबर, ते मालकाच्या नाहीतर अकाउंटंटच्या व्हॉट्सॲपवर जाईल, पैसे खात्यावर येतील. खरं नाव अकाउंटंटला कळलं तर हरकत नाही, त्याला कळायलाच पाहिजे.

काम वाढलं असेल तर दुसरा उपाय. घेतलेल्या नावानं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) काढा, ते ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, कुणी एजंट हजार-दोन हजार मागत असेल तर सरळ उठून या. त्याबरोबर शॉप ॲक्टची इंटिमेशन पावती (धंदा सुरू केल्याचं सरकारला कळवल्याची) काढा. हे दोन कागद घेऊन बँकेत गेलात की प्रोप्रायटर म्हणून त्या धंद्याच्या नावानं करंट खातं निघतं आणि क्यूआर स्कॅन केला की धंद्याचं नाव दिसतं. पॅन तुमचाच लागतो, मालक तुम्हीच असता. करंट खात्याला मिनिमम बॅलन्स असतो तेवढं आधी विचारा, नाहीतर कमाई सगळी चार्जेसमध्ये.

बिलावर वर घेतलेलं नाव मोठं टाका, खाली बारीक "प्रोप्रा." करून खरं नाव आणि पॅन. पॅन न देता काम केलं तर जिथं टीडीएस (पैसे देणारा आधीच कापून ठेवतो तो कर) कापायचाय तिथं २० टक्के कापला जातो, दिला तर बऱ्याच ठिकाणी १० टक्के, आणि तो रिटर्न भरून परत मिळवता येतो. नाव लपवायच्या नादात पॅन न देणाऱ्या पोरी बघितल्यात मी, फुकटचा तोटा. घेतलेल्या नावावर चेक मात्र घेऊ नका, तुमच्या सेव्हिंग खात्यावर तो वटत नाही. जीएसटी वर्षाला २० लाखाच्या वर गेलात की बघू, तेव्हा पेढे घेऊन या.

फोन, इन्स्टा आणि बाकी गळती

कामाचं सिम वेगळं. नवीन सिमवर इन्स्टा उघडलं की कॉन्टॅक्ट सिंक आधी बंद करा. नाहीतर ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे त्यांना "तुम्ही यांना ओळखत असाल" म्हणून तुमचं खातं दिसतं, म्हणजे कॉलेजचे सर, गल्लीतला किराणावाला, सगळे. सेटिंगमध्ये दुसऱ्यांना तुमचं खातं सुचवायचा जो ऑप्शन असतो तोपण बंद. जुन्या फेसबुकला जोडू नका.

ट्रूकॉलरचं वेगळंच. तिथं तुम्ही काय नाव ठेवलंय याच्यापेक्षा लोकांनी तुमचा नंबर काय म्हणून सेव्ह केलाय ते दिसू शकतं. नवीन नंबर घरच्यांना, मैत्रिणींना दिला की त्यांनी "पिंकी विश्रामबाग" म्हणून सेव्ह केला आणि क्लायंटला फोन लावला की त्याच्या स्क्रीनवर पिंकी विश्रामबाग. म्हणून कामाचा नंबर घरात कुणालाच द्यायचा नाही, त्यांना जुनाच.

पोर्टफोलिओ पाठवताना जीमेल कुठलं आहे ते बघा. खासगी मेलवरून ड्राइव्हची लिंक पाठवली की मालक म्हणून तुमचं खरं नाव दिसतं. फोटोत मागं घराची नेमप्लेट, कॉलेजचं आयकार्ड, गाडीचा नंबर नको. एमएच १० दिसलं की सांगली, एमएच ११ सातारा, एमएच ५० कराड, हे शोधायला डिटेक्टिव्ह लागत नाही.

कुरिअरचा एक घोळ सांगतो. ब्रँडवाले कपडे, क्रीम असलं पार्सल पाठवतात आणि वर तुमचं घेतलेलं नाव टाकतात. पोस्टमन मामा किंवा कुरिअरवाला वाड्यात येऊन विचारतो, मायरा कोण हाय? खालची आजी सांगते, असल्या नावाचं हितं कोण नाही, आणि पार्सल रिटर्न. पत्ता देताना खऱ्या नावानं द्या, किंवा मेकअप स्टुडिओचा नाहीतर कामाच्या ठिकाणचा पत्ता द्या, त्यांना आधी विचारून.

बाहेरगावी शूट असेल तर

मुंबईच्या कामाला महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट प्रॉडक्शनवाले काढतात. त्यांच्याकडं तुमचं घेतलेलं नावच असतं, ते तेच टाकतात, आणि मग टीसीसमोर ओळखपत्रावर वेगळं नाव. तिकीट, विमान, हॉटेल, तिन्हीसाठी आधारवरचं नाव आधी टाइप करून द्या आणि तिकिटाचा फोटो मागून तपासा. हॉटेलात आधार मागितलं तर मास्क्ड आधार द्या, आधारच्या साइटवरून डाउनलोड होतं, त्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारचा फोटो को-ऑर्डिनेटरांच्या ग्रुपवर तर टाकायचाच नाही, मी मागितला तरी ग्रुपवर टाकू नका, पर्सनलला पाठवा.

एजन्सीनं दिलेलं नाव

पुण्या-मुंबईच्या काही एजन्सी स्वतःच नाव ठेवतात, स्वतःच इन्स्टा उघडतात, पासवर्ड त्यांच्याकडं. आणि करारात बारीक अक्षरात असतं की हे नाव आणि खातं एजन्सीचं. दोन-तीन वर्षांनी बाहेर पडायला गेलात की नावपण गेलं, फॉलोअर्सपण गेले, परत शून्यापासून. म्हणून वर म्हटलं, हँडल आणि मेल स्वतःच्या नंबरवर काढा. करारात "व्यावसायिक नाव व त्या नावाची सर्व खाती मॉडेलच्या मालकीची राहतील" एवढं घालायला सांगा. घालत नसतील तर त्यांनी दिलेलं नाव घेऊ नका, तुमचंच घेऊन जा.

नावावर चांगली कमाई व्हायला लागली तर ट्रेडमार्क करता येतो. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी एका क्लासला (म्हणजे कामाच्या एका प्रकाराला) ४,५०० रुपये. जाहिरातीसाठीचं मॉडेलिंग क्लास ३५ मध्ये येतं, मनोरंजन ४१ मध्ये. एकदा रजिस्टर झालं की १० वर्षं, मग रिन्यू. नवीन असताना याच्या मागं लागू नका, तेवढ्यात दोन चांगले पोर्टफोलिओ फोटो होतात.

कुणी त्रास दिला तर

"माझं नाव खोटं आहे, मी तक्रार कशी करू" म्हणून गप्प बसणाऱ्या आहेत, आणि त्रास देणाऱ्यालापण तेच पाहिजे असतं. तक्रार खऱ्या नावानं करायची, आत लिहायचं की मी अमुक नावानं काम करते. फेक अकाउंट, मॉर्फ केलेले फोटो, "घरी सांगीन" म्हणून पैसे मागणं, सगळ्याला १९३० नंबर आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन ही साइट आहे, शिवाय दोन्ही जिल्ह्यांत सायबर पोलीस आहेत. लगेच धोका असेल तर ११२. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट काढा, प्रोफाइलची लिंक कॉपी करा. दोन्ही नावं असलेला तो एक पानी करार बरोबर न्या, खातं तुमचं आहे हे इन्स्टाला पटवतानापण तोच लागतो.

आणि उलटं, समोरच्याचं खरं नाव विचारायला लाजू नका. तुमचं आधार मागणारा को-ऑर्डिनेटर स्वतःचं पूर्ण नाव, स्टुडिओचा पत्ता आणि आधी काम केलेल्या दोन पोरींचे नंबर देत नसेल तर त्या शूटला जायचं नाही, आणि "रजिस्ट्रेशन फी" मागत असेल तर फोन ठेवायचा.

राहिलं आधी खऱ्या नावानं टाकलेलं. जुन्या फोटोग्राफरना, मेकअपवाल्यांना मेसेज करून कॅप्शन आणि टॅग बदलायला सांगा, बहुतेक जण बदलतात. इन्स्टावर दिसणारं नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं, त्यामुळं स्पेलिंग ठरवूनच हात लावा. आणि पुढं कधी वाटलं की आता हेच नाव कायमचं, आधारवरपण हेच पाहिजे, तर मग महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव बदलाची नोंद, त्यानंतर आधार, पॅन, बँक असं एकेक. त्यासाठी ऑनलाइन अर्ज होतो, नाही जमलं तर सेतूमध्ये विचारा.